रेडिओवर नव्या पिक्चरचा रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

आमच्या कम्युनिटी रेडिओवर दर शुक्रवारी संध्याकाळी मी नवीन पिक्चरवर बोलते, आणि पहिले सहा महिने मी जे काय बोललेय ना, ते आज कोणी ऐकवलं तर मी खोलीतून उठून जाईन.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिहिलेला रिव्ह्यू वाचून दाखवणं. "छायाचित्रण नेत्रदीपक, पटकथा मध्यंतरानंतर रेंगाळते" हे कागदावर बरं दिसतं, पण रिक्षात बसून नाहीतर पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्याला त्यातून काही म्हणजे काहीच दिसत नाही, आणि हुकलं तर परत मागे जाऊन वाचायची सोय पण नाही. त्यापेक्षा एक सीन सांगा. "पहिली पाच मिनिटं कोणी बोलतच नाही, नुसती एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येते" एवढं सांगितलं तरी पिक्चर कसा असेल ते लोकांना कळतं. मी आता चिठ्ठीवर चारच मुद्दे लिहिते, वाक्यं माईकसमोरच सुचतात, अडखळले तर अडखळले. आणि पाच मिनिटांत साडेपाचशे-सहाशे शब्दच बसतात, त्यात अख्खी स्टोरी सांगत बसलात तर तुमचं मत सांगायला वेळच उरत नाही.

"साडेतीन स्टार" म्हणून मोकळं होऊ नका. पाचपैकी की दहापैकी, ऐकणाऱ्याला काय माहीत! पिक्चरचं नाव सुरुवातीला, मधे आणि शेवटी घ्या, नाहीतर मधेच रेडिओ लावलेला माणूस "कुठला पिक्चर हो?" म्हणून फोन करतो. भाषा पण सांगा, कारण हल्ली मराठी पिक्चरचं नावही इंग्रजी असतं.

आमच्यासारख्या स्टेशनचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे ऐकणारे सगळे गावातलेच, आणि मी एकदा तावातावाने ज्याचं कौतुक केलं तो पिक्चर आमच्या एकुलत्या एक थेटरात लागलाच नव्हता. आधी थेटरात फोन करून विचारा, मग बोला.

सेन्सॉरचं सर्टिफिकेट नीट सांगा. नुसतं "यूए" (म्हणजे लहान मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवायचं) पुरत नाही, २०२४च्या नियमांपासून त्यात वयाप्रमाणे ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार झालेत. १६+ला पाच वर्षांच्या पोराला घेऊन गेलेली आई नंतर तुम्हालाच बोलणार, आणि तिचं बरोबरच असेल.

आता गंभीर गोष्ट. रिव्ह्यूत लावायला म्हणून थेटरात मोबाईलवर डायलॉग रेकॉर्ड करायचा मोह होतो, आमच्या एका नवीन पोराला झाला होता, ती क्लिप मी तिथल्या तिथे डिलीट करायला लावली. २०२३च्या सुधारणेनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात अशा रेकॉर्डिंगला किमान ३ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि कमीत कमी ३ लाख रुपये दंड आहे, "वीसच सेकंद होतं हो" म्हणून सुटका होत नाही. परीक्षणासाठी छोटासा तुकडा वापरायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाव देतं, पण तो ट्रेलरमधून घ्या, आणि त्या नावाखाली अख्खं गाणं वाजवू नका, त्याचं लायसन्स वेगळं.

कार्यक्रम रविवारी रिपीट होत असेल तर "आज रिलीज झाला", "उद्या बघून या" हे शब्द विसरा. शोच्या वेळा तर सांगूच नका, मराठी पिक्चरचे शो दोन दिवसांत कधी कमी होतील सांगता येत नाही.

लाइव्ह फोन घेताना पण जपून. आमच्याकडे एका काकांनी नमस्कार-चमत्कार झाल्या झाल्या खुनी कोण ते सांगून टाकलं, मी बटणापर्यंत हात नेईस्तोवर गावभर झालं होतं. तेव्हापासून गाणं चालू असताना फोन आधी ऑन एअर न जोडता घेते, काय बोलणार ते विचारून मगच जोडते. काका अजून दर शुक्रवारी फोन करतात, फक्त आता आधी विचारतात, "शेवट सोडून बोलायचंय ना?"