चेलो ऐकताना आधी गज ऐका

व्हायोलिन शिकायला येणाऱ्या पोरांना चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा नाद लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सगळ्यात भारी रेकॉर्डिंग कुणाचं?" मी उलट विचारते, भारी काय हवंय, वाजवलेलं की टिपलेलं? या दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायचा. वहीत प्रत्येक रेकॉर्डिंगला दोन ओळी द्या, एक वादनाची आणि एक ध्वनिमुद्रणाची. दोन्ही मिळून एकच शेरा मारायचा नाही.

आधी ऐकायची जागा बघा. चेलोची सगळ्यात जाड तार, खालचा सी, सुमारे ६५ हर्ट्झवर बोलते. मोबाईलच्या स्पीकरमधून तो मूळ सूर जवळजवळ येतच नाही. त्याच्यासोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वरांशांवरून आपला मेंदू तो भरून काढतो, आणि मग "याच्या आवाजाला वजन नाही" म्हणत फोनचं खापर आपण वादकावर फोडतो. साधा बरा हेडफोन घ्या. स्पीकर असतील तर कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपऱ्यात खर्ज फुगतो. आमच्याकडे खाली शहाबादी फरशी आणि समोर उघडी भिंत, त्यामुळे टाळी वाजवली तरी खोली खणखणायची. सोलापुरी चादरी दुहेरी करून भिंतीपासून जरा अंतर सोडून टांगल्या, तेव्हा ती खणखण बसली. (चादरी पाहुण्यांसाठी असतात, भिंतीसाठी नाही, हे घरात ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.) पण चादर वरचे टोकदार आवाजच शोषते, खालच्या घुमाऱ्याला ती पुरी पडत नाही. आणि मे महिन्यात पंखा बंद करून दुपारी ऐकायचं सोलापुरात कुणाला जमणार? पहाटे ऐका. शेजारी यंत्रमाग असतील तर ते थांबलेले असताना.

तुलना करताना दोन्ही रेकॉर्डिंगांचा आवाज सारखा करून घ्या. जे थोडं मोठ्यानं वाजतं ते कानाला उगीचच चांगलं वाटतं.

आता रचना. जर्मन संगीतकार बाखचे एकट्या चेलोसाठी सहा सूट, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या माळा आहेत, त्यातल्या पहिल्या, जी मेजर सूटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा घ्या. दोन-अडीच मिनिटांचा आहे, साथ नाही, म्हणजे वादकाला लपायला जागा नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बाखच्या स्वतःच्या हातची या सूटची प्रत उरलेली नाही. त्याची बायको आना माग्दालेना हिने केलेली नक्कल आहे, पण कुठले सूर एका गजात घ्यायचे याच्या खुणा तिच्यात जागोजागी संदिग्ध आहेत. त्यामुळे गज कुठे उलटायचा हे प्रत्येक वादकाला स्वतःच ठरवावं लागतं. बंदिश एकच, पण श्वास ज्याचा त्याचा.

म्हणून मी सांगते, सूर दाबणारा डावा हात नंतर, आधी गज धरणारा उजवा. गज उलटताना सूर तुटतो का? तुटत असेल तर मुद्दाम, वाक्य संपलं म्हणून, की लांबी संपली म्हणून? प्रत्येक गटाच्या तळाशी जो खालचा सूर येतो त्यावर वादक किंचित रेंगाळतो का, की सगळे सूर एका मापाचे? शेवटाकडे एक मोकळी तार सतत बोलत राहते आणि दुसरा आवाज अर्ध्या-अर्ध्या सुरांनी वर चढतो. तिथे बरेच जण नुसता जोर वाढवतात. चांगला वादक दोन आवाज वेगळे ठेवतो, एक माणूस थांबलाय आणि दुसरा चालतोय असं वाटतं.

मग सुरेलपणा. इथे आपला तंबोऱ्यावर वाढलेला कान घाई करतो. शुद्ध निषाद षड्जाकडे ओढलेला ऐकला की "चढा लागला" म्हणून मोकळे होतो. जुन्या पिढीतला थोर चेलोवादक पाब्लो कसाल्स तर असा निषाद वर सरकवून घ्यावा असंच सांगायचा. तेव्हा चूक पकडायची असेल तर जिथे दोन तारा एकत्र वाजतात तिथे पकडा. पंचम किंवा सप्तक तिथे हलताना ऐकू आलं, तर तो वादकाचा दोष. आणखी एक गोष्ट. जुन्या, बरोक म्हणजे बाखच्या काळच्या पद्धतीच्या वादनात ए हा सूर ४४० ऐवजी बहुधा ४१५ हर्ट्झवर लावतात. म्हणजे जी, आपली पांढरी पाच, उतरून काळी तीनवर येतो. चेलोवादक आनर बाइल्समाचं या सूटचं १९७९ चं रेकॉर्डिंग त्या वाटेनं जाणारं आहे. तिथे आंदोलनही (व्हायब्राटो, सुरावर बोट हलवणं) कमी ऐकू येतं, आणि ते कोरडेपणानं नव्हे, निवडीनं. मला स्वतःला प्रत्येक सुरावर सारखा थरथरणारा हात फार वेळ सोसत नाही.

ठहराव तपासायचा असेल तर पाचव्या सूटमधला साराबांद हा संथ नाचाचा तुकडा. त्यात एकही जोडस्वर (एकदम वाजणारे दोन सूर) नाही, एकाच ओळीनं चालतो. मंद गज किती सरळ राहतो ते तिथे लगेच कळतं.

आता दुसरी ओळ, ध्वनिमुद्रणाची. माइक जवळ असेल तर गजाच्या केसांची राळेची खरखर, बोटं पट्टीवर पडल्याची टकटक, वादकाचा श्वाससुद्धा येतो. हे दोष नव्हेत. सोलापुरात चेलो समोर बसून ऐकायला मिळणं विरळाच, पण एखाद्या व्हायोलिनवाल्याच्या शेजारी बसून बघा, खरं वाद्य किती खरखरतं ते कळेल. उलट चेलो डाव्या स्पीकरपासून उजव्यापर्यंत पसरलेला वाटला, तर माइक गरजेपेक्षा जवळ होते. चेलोवादक यानोश श्टार्करचं साठच्या दशकातलं, मर्क्युरी कंपनीचं ध्वनिमुद्रण जवळचं आणि लख्ख. दुसरा चेलोवादक रोस्त्रोपोविच, त्यानं १९९१ मध्ये फ्रान्समधल्या वेझलेच्या चर्चमध्ये बाख टिपला, तिथे एका सुराची आस पुढच्या सुरावर पसरते. आवाज भव्य होतो, पण गज कुठे उलटला ते शोधावं लागतं.

कसाल्सनं वाजवलेले हे सूट १९३६ ते १९३९ मधले, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचे. त्यांच्या नव्या आवृत्त्या निवडताना कमी खरखरीची आवृत्ती आपोआप चांगली समजू नका. खरखर फार पुसली की तिच्यासोबत गजाचे केसही पुसले जातात, आणि सूर विरताना शेपूट कापल्यासारखा तुटतो. मी खरखर ठेवलेली आवृत्ती घेते.

एखादाच सूर, ई ते एफ शार्पच्या आसपास, गुरगुरत असेल तर हेडफोन लावून पुन्हा ऐका. हेडफोनमध्ये गुरगुर गेली तर ती तुमच्या खोलीची. राहिली तर बहुधा वाद्याची, चेलोत तो भाग मुळातच खोडकर. फाईल सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट असली की पुरे. त्यापुढचे आकडे बघून पैसे घालू नका.

ऑर्केस्ट्रा आला की वहीत तिसरी ओळ घाला, तोलाची. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रेनं १९६५ मध्ये संचालक बार्बिरोली आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेला, इंग्लिश संगीतकार एल्गारचा चेलो कन्सर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना) घ्या. सुरुवातीला चेलो जवळजवळ एकटाच बोलतो, मग व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठी, खालच्या सुरांची वाद्यं) मुख्य चाल मांडतात आणि तीच चाल चेलो उचलतो. ही अदलाबदल पुन्हा पुन्हा ऐका आणि दोघांचं अंतर मोजा. मग याच कन्सर्टोचं दुसरं कुठलंही रेकॉर्डिंग लावा. व्हिओला पलीकडच्या खोलीतून आणि चेलो थेट कानाशी येत असेल, तर ती करामत इंजिनिअरची. ती वादकाच्या ओळीत लिहू नका.