ब्रिटनमध्ये पहिल्यांदा कॅरॅव्हॅन ओढताना: आधी वजन, मग रस्ता

नवी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेणाऱ्याला सहसा दोन गोष्टींची धास्ती असते, लायसन्स आणि रिव्हर्स. लायसन्सचं काम आता सोपं झालंय आणि रिव्हर्स सरावाने जमतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो वजनाला, कारण हायवेवर कॅरॅव्हॅन सरळ चालणार की डोलणार हे बरंचसं सामान भरतानाच ठरतं.

लायसन्सचं आधी उरकून घेऊ. १ जानेवारी १९९७ पासून कारची परीक्षा पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली; साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. भारतातून नुकतेच आला असाल आणि तिकडच्याच लायसन्सवर गाडी चालवत असाल, तर इथलं लायसन्स हातात येईपर्यंत थांबा.

गाडीला झेपतं किती?

लायसन्सवरचा आकडा चालकासाठी असतो, गाडीची मर्यादा वेगळी. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली निर्मात्याची पट्टी असते. तिच्यावर गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडाच नसेल, तर त्या गाडीने काही ओढायचं नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे विकत घेण्याआधीच बघा, कारण बऱ्याच मॉडेलना टोइंगची परवानगी नसते.

नवशिक्यांसाठी इथे ८५ टक्क्यांचा सल्ला दिला जातो: भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. गाडी १,६०० किलोची असेल तर कॅरॅव्हॅन १,३६० पर्यंत. हा कायदा नाही, पण पहिली एकदोन वर्षं तरी तो कायद्यासारखाच पाळा.

सामान कुठे ठेवायचं

रिकामी कॅरॅव्हॅन आणि तिची कमाल मर्यादा यांत पुष्कळदा जेमतेम दीडशे किलोंचं अंतर असतं. ऑनिंगचा (कॅरॅव्हॅनला बाजूने जोडायचा) तंबू, गॅस सिलिंडर, बॅटरी यांतच बरंचसं संपतं. मग आपला दहा किलोचा तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन! जड वस्तू चाकांच्या वर, जमिनीलगत ठेवा. वरच्या कप्प्यांत फक्त कपडे आणि चादरी. मागच्या टोकाला जड काही नको. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, तसंच इथे होतं: मागे भार गेला की हिच, म्हणजे कॅरॅव्हॅनचा गाडीला जोडायचा पुढचा भाग, हलका होतो आणि वेगात कॅरॅव्हॅन डोलायला लागते.

म्हणून हिचवर पडणारा भार मोजायचा. तो भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १,३६० किलोला ६८ ते ९५ किलो. शिवाय गाडी, टोबार (गाडीमागचा जोडदांडा) आणि हिच यांच्या मर्यादांपैकी जी सर्वांत कमी, तिच्या आत. मोजण्यासाठी खास गेज मिळतो, पण घरचा वजनकाटाही चालतो. सपाट जागेवर हँडब्रेक लावा, हिचखाली काटा आणि त्यावर मजबूत लाकडी ठोकळा उभा करा. कॅरॅव्हॅन समपातळीत राहील इतकी ठोकळ्याची उंची हवी. मग जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढचं आधाराचं छोटं चाक) वर घेऊन भार ठोकळ्यावर येऊ द्या आणि आकडा वाचा. एक पेटी थोडी पुढे सरकवली तरी आकडा बदलतो, हे एकदा स्वतः बघाच.

जोडणी

रोज याच क्रमाने करा. कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक लावलेला असू द्या. गाडी मागे आणून टोबॉल (टोबारवरचा गोळा) हिचच्या बरोबर खाली आणा, जॉकी व्हील फिरवून हिच बॉलवर बसवा, हिरवी खूण दिसते का बघा. त्या खुणेवरच भरवसा ठेवू नका: जॉकी व्हील उलट फिरवून हिच किंचित उचला. गाडीची मागची बाजूही सोबत वर आली, तर पकड पक्की. मग ब्रेकअवे केबल गाडीच्या ठरलेल्या कडीत अडकवा. जोड सुटलाच तर हीच केबल कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावते, म्हणून ती जमिनीला घासू नये आणि ताणलेलीही नको. त्यानंतर दिव्यांचा प्लग, स्टॅबिलायझर (डोलणं कमी करणारा भाग), चारही कोपऱ्यांचे पाय वर, जॉकी व्हील वर घेऊन घट्ट, गॅस सिलिंडरवरच बंद, खिडक्या बंद. दिवे कुणाला तरी मागे उभं करून तपासा. हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडा.

कॅरॅव्हॅनवर गाडीचाच नंबर हवा. ती गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावा; मागचं नीट दिसत नसेल तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट होऊ शकतात. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, मुलं झोपली असली तरी.

रस्त्यावर

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०. पाटीवर कमी लिहिलं असेल तर तेवढंच. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन आपल्यासाठी बंद. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. सॅटनॅव्ह सुचवेल तो रस्ता डोळे झाकून घेऊ नका: यॉर्कशरमध्ये ए१७० वरच्या सटन बँकच्या चढावर कॅरॅव्हॅनना बंदीच आहे.

मोठा ट्रक बाजूने गेला की हवेच्या झोताने कॅरॅव्हॅन हलते. डोलणं वाढत गेलं तर ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून सावरायला जाऊ नका. शांत झाल्यावर सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावा.

रिव्हर्ससाठी हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला कॅरॅव्हॅन वळेल. वेग चालण्याइतका, वळण अगदी थोडं थोडं. ती एखाद्या आरशात जास्त दिसू लागली की स्टिअरिंग त्याच आरशाकडे वळवा, सरळ होते. कॅरॅव्हॅन क्लबांचे नवशिक्यांसाठी वर्ग असतात. पहिल्या सहलीआधी एखादा करून टाका, आणि सोबत जाणाऱ्या जोडीदारालाही न्या, कारण मागे उभं राहून इशारे देणं हेही शिकावं लागतं.