अकराव्या दिवशी मेटिंग आणि आदल्या रात्री आंघोळ: लॅबवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्याकडे कराडला गेली चौदा वर्षं लॅब्राडोर (लॅब) आहेत. या काळात पाच लिटर झाली (लिटर म्हणजे एका बाळंतपणातली सगळी पिल्लं), पुणे-कोल्हापूर-गोवा असे डॉग शो फिरून झाले, शोकेसमध्ये दोन-चार कप आहेत आणि बाकी सगळ्या चुका. कपांबद्दल कोणी विचारत नाही पण आठवड्यातून एक तरी फोन येतो, "दादा, कुत्री हीटवर आलीय, आज अकरावा दिवस, कधी घेऊन जाऊ?" म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून टाकू.

अकरा, तेरा, पंधरा

हीट म्हणजे मादी माजावर येणं, आणि मेटिंग कधी करायचं याचा हा फॉर्म्युला कुणी काढला देव जाणे, पण महाराष्ट्रभर चालतो. पहिलं रक्त दिसलं की मोजायला सुरुवात, अकराव्या, तेराव्या, फार तर पंधराव्या दिवशी मेटिंग, झालं. आमच्या जिनीला असंच दोनदा पुण्याला नेलं, टोलचे पैसे, पेट्रोल, स्टडवाल्याचे (मेटिंगसाठी नर देणाऱ्याचे) नखरे, आणि साठ दिवस आई रोज तिच्या पोटावर हात फिरवून "आहेत गं बाई आहेत" म्हणत होती आणि आत काही नव्हतं. रिकामी.

गोची दोन ठिकाणी होते. एक म्हणजे तुमचा पहिला दिवस हा तिचा पहिला दिवस नसतोच, कारण स्वच्छ राहणारी मादी सगळं चाटून टाकते आणि आपल्याला तीन-चार दिवसांनी फरशीवर थेंब दिसतो. हीट जवळ आली की अंथरुणावर पांढरी सुती चादर टाका आणि सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या टिश्यूने पुसून बघा. दुसरं म्हणजे प्रत्येक मादीचं अंडं सुटायची वेळ वेगळी, एखादी दहाव्या दिवशी तयार तर एखादी विसाव्या. आणि कुत्र्यांमध्ये अंडं सुटल्यावर लगेच कामाचं नसतं, ते पिकायला साधारण दोन दिवस लागतात.

त्यामुळे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची ब्लड टेस्ट करा. सातव्या-आठव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड. आकडा दोन-तीन नॅनोग्रामच्या आसपास आला की हालचाल सुरू झाली समजा, पाचच्या आसपास अंडं सुटतं, आणि तिथून दोन दिवसांनी मेटिंग. पुढच्या खेपेला जिनीचा अकराव्या दिवशी आकडा १.४ होता! म्हणजे आधी आम्ही काय हवेत बाण मारत होतो ते कळलं. सतराव्या दिवशी ५.२ आला, एकोणीस आणि एकवीसला मेटिंग केलं, नऊ पिल्लं. टेस्ट मात्र दरवेळी एकाच पॅथॉलॉजी लॅबमधून करा, मशीन बदललं की आकडे इकडचे तिकडे होतात.

मेटिंगच्या वेळी नर-मादी एकमेकांत अडकतात तेव्हा घाबरून ओढाताण करू नका. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास, शांतपणे दोघांना धरून बसा. आमच्या समोर एकाने बादलीभर पाणी ओतलं होतं, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर ओततात तसं. नराला इजा झाली असती.

मेटिंग झालं म्हणजे हीट संपली नाही

ही आमची सगळ्यात महाग चूक. नर पिवळा, मादी पिवळी, मेटिंग करून आणली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मोकळी सोडली, कारण "आता काम झालं". कंपाउंडची भिंत साडेचार फूट. पिल्लं झाली आठ, त्यात दोन काळी कुळकुळीत. बायको म्हणाली आजोबांवर गेली असतील. तसं नसतं हो. लॅबमध्ये पिवळा गुणधर्म असा आहे की दोन्ही आईबाप पिवळे असतील तर काळं पिल्लू होऊच शकत नाही, काळ्या आईबापांना पिवळं होऊ शकतं पण उलटं नाही. म्हणजे भिंतीवरून कोणीतरी पाहुणा आला होता, आणि एकाच लिटरमध्ये दोन बाप असू शकतात. बरं, उरलेली सहा पिवळी तरी आपल्याच नराची का, तर तेही छातीठोक सांगता येत नाही, कारण काळ्या पाहुण्याच्या पोटात पिवळा गुण लपलेला असू शकतो. सगळ्या लिटरचे रजिस्ट्रेशनचे कागद अडकले, आठही पिल्लं विना कागद ओळखीत देऊन टाकली. तेव्हापासून मेटिंगनंतरही रक्त पूर्ण थांबून आठवडा जाईपर्यंत आमची मादी पट्ट्याशिवाय बाहेर पडत नाही.

कागदांवरून आठवलं, केसीआयकडे (केनेल क्लब ऑफ इंडिया) लिटर रजिस्टर करायचं तर आईबाप दोघंही रजिस्टर्ड लागतात. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून मादी घेतली असेल तर ते नंतर कधी येत नाही.

स्टडवाल्याशी व्यवहारही लिहून ठेवा. फी रोख की पिल्लू? पिल्लू असेल तर पहिली निवड कोणाची? आणि एकच पिल्लू झालं तर? आमच्या एका मित्राला झालं एकच, आणि स्टडवाला दारात, "माझं पिल्लू द्या". दोघं आजही बोलत नाहीत. मादी रिकामी राहिली तर पुढच्या हीटला फुकट मेटिंग मिळणार का तेही आधीच विचारा.

चॅम्पियनचा फोटो म्हणजे खुबा नव्हे

स्टड निवडताना आपण काय बघतो? डोकं कसं रुंद आहे, रंग कसा आहे, गळ्यात रिबन किती. लॅबमध्ये खुब्याचा आणि कोपराचा डिसप्लेशिया (सांधा नीट न बसणं) पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि तो फोटोत दिसत नाही, एक्सरेत दिसतो. दोन वर्षांची झाल्यावर दोघांचेही एक्सरे काढा, डोळे तपासा, पीआरए (हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा आजार) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर कोसळणं) यांच्या डीएनए टेस्ट आता भारतातूनही करून मिळतात. ब्रुसेला या मेटिंगमधून पसरणाऱ्या जंतूची टेस्ट मेटिंगच्या आधी दोघांची, इथे लाजायचं नाही. स्टडवाला "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणाला तर तिथून गाडी वळवा.

आणि घाई. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे मादी किमान १८ महिन्यांची हवी, लागोपाठच्या दोन हीटमध्ये मेटिंग नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त बाळंतपणं नाहीत, आणि ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. नियम बाजूला ठेवले तरी पहिल्याच हीटला पिल्लं काढणं म्हणजे शाळकरी पोरीचं लग्न लावण्यासारखं आहे, दुसरा शब्द नाही.

डिंकाचे लाडू

गाभण मादीचे लाड सगळ्यात जास्त घरात नुकसान करतात. आमच्या आईने जिनीला शेवटच्या महिन्यात डिंकाचे लाडू सुरू केले, वर मेडिकलमधून आणलेली कॅल्शियमची बाटली मीच, रोज दोन चमचे. डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला. गाभणपणात वरून कॅल्शियम देत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायची सवय सोडतं, आणि बाळंतपणानंतर नऊ पिल्लं ओढायला लागली की अचानक पुरवठा कमी पडतो. मग मादी धापा टाकते, थरथर कापते, पाय ताठ होतात. बहुतेक वेळा पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना होतं. असं दिसलं तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि थेट डॉक्टर, रात्री दोन वाजले असले तरी. सलाइनमधून कॅल्शियम दिलं की समोर बघता बघता उठून बसते, उशीर केला तर जाते. गाभणपणात चांगलं पपी फूड पुरतं, शेवटच्या तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यायचं, बास. लाडू आपण खायचे.

तारीख नको, थर्मामीटर

"मेटिंगपासून ६३ दिवस" हेही पंचांगासारखं धरून बसू नका. नराचं बीज आत पाच-सहा दिवस टिकतं, त्यामुळे मेटिंगच्या तारखेपासून ५८ ला पण होऊ शकतं आणि सत्तरीलाही टेकू शकतं. अंडं सुटल्याची तारीख माहीत असेल तर मात्र ६३ च्या एखादा दिवस इकडेतिकडे. ५६ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि वहीत लिहा. नेहमी १०१ च्या आसपास असतो, तो ९९ च्या खाली उतरला की बहुतेक चोवीस तासांत व्यायची. त्याआधी पंचावन्न दिवसांनंतर एक एक्सरे काढून पिल्लं मोजून घ्या, नाहीतर सात झाली, सगळे चहा प्यायला गेले आणि आठवं आत राहिलं असं होतं.

डॉक्टरांना कधी उठवायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. अर्धा तास जोरात कळा देतेय आणि काही येत नाही. दोन पिल्लांमध्ये दोन तास उलटले आणि अजून शिल्लक आहेत. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट काळपट स्राव दिसला. ताप उतरून दिवस झाला आणि कळाच नाहीत. यातलं एक जरी झालं तरी गाडी काढा. आणि शेजारच्या अनुभवी ब्रीडरने दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी टोचू नका, पिल्लू आडवं अडकलं असेल तर गर्भाची पिशवी फाटू शकते. वार (प्लासेंटा) किती पडल्या तेही मोजा, मादी पटकन खाऊन टाकते म्हणून लक्ष ठेवून.

पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत ३० अंशांच्या आसपास हवं, थर्मामीटर पेटीत ठेवा, छताला नको. आमच्या एका काकांनी बाळंतिणीच्या खोलीत ठेवतात तशी कोळशाची शेगडी ठेवली होती दार लावून. देवाच्या कृपेने धूर लवकर कळला. बल्ब लावा पण एका कोपऱ्यात, म्हणजे गरम झालं की सरकायला जागा राहील. सगळी एकमेकांवर ढीग करून पडली तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून रडतायत तर उकडतंय.

बारीक पडलेलं पिल्लू हाताला गार लागलं तर पहिल्यांदा दूध पाजायचं नाही! आधी अंगाशी धरून हळूहळू गरम करा, गार पिल्लाचं पोट चालत नाही, दूध आतच नासतं. पहिल्या दिवशी चीक सगळ्यांच्या पोटात गेला पाहिजे. आणि किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या, रोज त्याच वेळी वजन. दहाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला हवं, एखाद्याचं वजन वाढायचं थांबलं की तुम्हाला डोळ्यांनी दिसायच्या आधी काटा सांगतो. ओळखायला गळ्यात लाल धागा बांधलेलं आमच्या वहीतलं 'लाल धागा' पिल्लू दोन दिवस ३९० ग्रॅमवरच अडकलेलं होतं, दिसायला टकाटक. तपासलं तर टाळूला फट, दूध नाकातून येत होतं.

शेवटचं म्हणजे पंचेचाळीस दिवस. बाजारात "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू तयार" अशी जाहिरात असते, नियम आठ आठवड्यांचा आहे, म्हणजे ५६ दिवस. ते जास्तीचे अकरा दिवस तुमच्या खाद्याचा खर्च वाढतो म्हणून लोक काढून टाकतात. त्याच दिवसांत भावंडं एकमेकांना किती जोरात चावायचं ते शिकवतात, मग नव्या मालकाचा फोन येतो की पोरांना चावतो.

आता रिंग

रिंग म्हणजे शोमध्ये जजसमोर कुत्रा चालवायची जागा. शोच्या आदल्या रात्री आंघोळ, लॅबला नको. त्याच्या अंगाला तेलकट, आत दाट अशी दुहेरी फर असते, जज हात घालून तीच बघतो, आणि आपण शाम्पूने ती भुसभुशीत करून ठेवतो. तीन-चार दिवस आधी आंघोळ, नंतर नुसतं ब्रश. वजनाचंही तसंच, शेजारी म्हणतात "काय तब्येत केलीय", रिंगमध्ये जज बरगड्या शोधत बसतो.

पहिल्या शोला आमचा नर घरच्या गुळगुळीत फरशीवर मस्त चालायचा, मैदानावर गवताला नाक लावून चाललाय वास घेत. प्रॅक्टिस गवतावर करा, डावीकडे धरून, पट्टा सैल, सरळ जाऊन परत येणं आणि त्रिकोणात फिरणं दोन्ही. जज आणि कुत्र्याच्या मध्ये तुम्ही येऊ नका, हे आम्हाला रिंग सांभाळणाऱ्या स्टुअर्डने ओरडून शिकवलं. अनोळखी माणसाने तोंड उघडून दात बघणं आणि नराचं मागे हात लावून तपासणं याची सवय दोन महिन्यांपासून लावा, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कामाला लावा. नराच्या दोन्ही वृषणगोळ्या खाली उतरल्यात का ते एंट्री भरायच्या आधी बघा, आमच्या गल्लीतल्या एकाला जजने सांगितल्यावर कळलं. काळा कुत्रा असेल तर काळी पँट नको, पायांचा आकार हरवतो.

कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप घरीच स्कॅन करून सर्टिफिकेटवरच्या नंबराशी ताडून बघा, शोच्या सकाळी रांगेत नाही. लसीकरण अर्धवट असलेलं पिल्लू नेऊ नका, आणि घरी लिटर असेल तर शोवरून आल्यावर बूट बाहेर, कपडे धुवायला, मग पिल्लांच्या खोलीत. पिल्लांचा जीव घेणारा पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो. कुत्रा गाडीत बंद ठेवून जेवायला जाऊ नका, जानेवारीतसुद्धा दुपारी आपल्याकडे बंद गाडीची भट्टी होते.

हरलात की "सेटिंग होतं" म्हणायच्या आधी सगळं संपल्यावर जजला नम्रपणे विचारा काय कमी पडलं. सगळेच सांगत नाहीत, कधीकधी सेटिंग असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मला एका म्हाताऱ्या जजनी दोन वाक्यांत सांगितलं होतं, कुत्रा छान आहे, खांदा सरळ आहे (हवा तितका तिरका नाही), याला सरळ खांद्याची मादी देऊ नका. आणि मी ठरवलेली मादी नेमकी तशीच होती, ॲडव्हान्स देऊन झालेला. आता या महिन्यात दुसरी शोधतोय.