मोटर पुन्हा जागी झाली

1984 साली बाजारात आलेला पेंटॅक्स 645 हा फिल्मचा कॅमेरा मी सेकंडहँड घेतला. फिल्म हाताने गुंडाळायची गरज नाही. शटर दाबलं की आतली मोटरच ती पुढे ओढते, याच गोष्टीवर माझा जीव जडला होता. घरी आल्याआल्या सहा नवे पेन्सिल सेल घातले, तर आकडे दाखवणारा एलसीडी पडदा कोरा. सेल काढून परत घातले. ढिम्म.

मग सेलचा डबा टॉर्चखाली धरला. जुने सेल कधीतरी आतच फुटले असणार. दोन स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी खपली चढली होती. हातमोजे घालून, कानकाडीच्या कापसावर व्हिनेगरचा एकच थेंब घेऊन घासलं. खपली बारीक फसफसली आणि सुटली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर वाळू दिलं, सकाळी सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या.

शटर दाबलं. खटाक्, आणि मागोमाग मोटरची घरघर! अंगावर काटा आला. यात 120 नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर पंधराच फोटो मिळतात. सगळे आईचे काढले, तुळशीला पाणी घालताना.

असा कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा लेन्सच्या आधी सेलचा डबा उघडून बघा, आणि सेल आपले घेऊन जा. मी तर रोल संपला की सेल काढूनच ठेवते.