वृद्धाश्रम निवडताना: जमेच्या बाजू, उण्या बाजू आणि रात्रीची पाळी

वृद्धाश्रम पाहायला बाहेर पडण्यापूर्वी एक काम घरीच उरकून घ्यावे. ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांच्या सलग चोवीस तासांची नोंद कागदावर करावी. सकाळी शौचालयापर्यंत कोणाच्या आधाराने जातात, आंघोळ स्वतः करतात की कोणी घालावी लागते, गोळ्या आठवणीने घेतात की हातावर ठेवाव्या लागतात, तिन्हीसांजेला अस्वस्थ होतात का, रात्री किती वेळा उठतात आणि उठल्यावर खोली ओळखतात का, हे सारे त्यात यावे. ही नोंद ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष जागरणे काढली आहेत तिनेच करावी. बहुतेक घरांत ती सून, मुलगी किंवा ब्युरोकडून आलेली बाई असते, आणि अंतिम निर्णय घेणाऱ्याला यातले निम्मे तपशील ठाऊक नसतात.

हा कागद हाताशी नसेल तर जमेच्या आणि उण्या बाजूंची यादी निरर्थक ठरते, कारण एकच गोष्ट एकासाठी सोय असते आणि दुसऱ्यासाठी जाच. रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारण्याची सवय असलेल्या, हिंडत्याफिरत्या निवृत्त गृहस्थांना सदैव कुलूपबंद असलेले फाटक तुरुंगासारखे वाटेल. डिमेन्शियामुळे, म्हणजे स्मृतिभ्रंशामुळे, घरातून निघून जाणाऱ्या आजींच्या कुटुंबाला तेच कुलूप रात्रीची झोप मिळवून देईल. पूर्ण शाकाहारी स्वयंपाकघर कोणाला निश्चिंत करते, तर आयुष्यभर बुधवार, शुक्रवार आणि रविवारी ताटात मासळी पाहिलेल्या आगरी किंवा सीकेपी घरातल्या माणसाची तिथे अन्नावरची वासनाच उडते. भाषेचेही तसेच आहे. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी निसटून जाताना अनेकदा दिसते. त्यामुळे मालवणीत पाणी मागणाऱ्या बाईंना केवळ हिंदी समजणाऱ्या मदतनीस मिळाल्या, तर संगमरवरी फरशीचा त्यांना काहीच उपयोग नसतो.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात साधारण तीन प्रकारची ठिकाणे आढळतात: धर्मादाय संस्थांनी चालवलेले वृद्धाश्रम, बंगल्यात किंवा रो हाऊसमध्ये चालणारी खासगी केअर सेंटर, आणि ज्येष्ठांसाठी म्हणून विकली जाणारी गृहसंकुले. पहिल्या प्रकारात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालील नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब मागावेत. दुसऱ्या प्रकारातील चालक ‘आमच्याकडे रुग्णालयासारखी सोय आहे’ असे सांगत असतील, तर शुश्रूषागृह म्हणून महापालिकेकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. नसेल तर ते वाक्य केवळ जाहिरात समजावे. तिसरा प्रकार मुख्यतः घरखरेदीचा व्यवहार आहे आणि रोजच्या शुश्रूषेची हमी त्यात आपोआप येत नाही, म्हणून येथे पहिल्या दोन प्रकारांचाच विचार केला आहे.

रात्रीची पाळी

माझ्या मते कोणत्याही वृद्धाश्रमाची खरी किंमत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ठरते. दिवसा व्यवस्थापक असतात, फिजिओथेरपिस्ट येऊन जातात, नातेवाइकांची ये-जा असते आणि सगळेच नीटनेटके दिसते. रात्री उरतात त्या एक-दोन मावशी किंवा मामा, आणि त्यांच्यावर सोपवलेली माणसे. म्हणून ‘तुमच्याकडे एकूण कर्मचारी किती’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी समाधानकारकच येते. ‘काल रात्री कामावर कोण होते, त्यांच्याकडे किती जण होते आणि त्यांपैकी अंथरुणाला खिळलेले किती’ असे विचारावे, आणि शक्य असल्यास हजेरीपत्रक दाखवण्याची विनंती करावी. रात्रीच्या पाळीत प्रशिक्षित परिचारिका आहे की केवळ मदतनीस, डॉक्टर फोनवर उपलब्ध असतात की प्रत्यक्ष येतात, आणि पडझड झाल्यास रुग्णवाहिका बोलावण्याचा निर्णय कोण घेतो, हेही याच ओघात विचारून घ्यावे. तोच मदतनीस दिवसपाळी संपवून रात्रीही थांबत असेल, तर कागदावरची संख्या अर्धीच धरावी.

जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. तसे न झाल्यास माकडहाड आणि टाचांवर शय्याव्रणे होतात, ज्यांना आपण बेडसोर म्हणतो. हे काम रात्रीही थांबत नाही. अशा रुग्णांसाठी कूस बदलल्याची वेळ लिहिणारा तक्ता असतो. तो पाहताना सर्व नोंदी एकाच पेनाने आणि एकाच हाताने लिहिलेल्या आहेत का, याकडे लक्ष द्यावे. दुपारी तीन वाजता गेलो असता रात्री नऊच्या औषधासमोरही बरोबरची खूण आधीच केलेली दिसली, तर त्या संस्थेबद्दल माहितीपत्रकातल्या सगळ्या मजकुरापेक्षा अधिक कळून येते.

पलंगाशेजारची बोलावण्याची घंटा वाजवून पाहावी. बऱ्याच ठिकाणी घंटा असते, परंतु तिची दोरी किंवा बटण भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेले असते, म्हणजेच पलंगावरच्या माणसाच्या हाताला लागणार नाही असे. घंटा वाजल्यावर कोणी येते का, आणि किती वेळाने, हे घड्याळात पाहण्यात संकोच करू नये.

गोंधळलेल्या किंवा आक्रमक होणाऱ्या रुग्णाचे काय करता, हा प्रश्न अवघड वाटला तरी स्पष्टपणे विचारावाच. हात ओढणीने पलंगाला बांधणे किंवा डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय झोपेचे औषध देणे, या गोष्टी अपुऱ्या मनुष्यबळाच्या खुणा आहेत. ‘आमच्याकडे सगळे शांत असतात’ हे उत्तर मिळाले आणि भर दुपारी चारच्या चहालाही सगळे रहिवासी खरोखरच गाढ झोपलेले दिसले, तर ती शांतता संशयास्पद मानावी.

जेवणाच्या वेळा हा एरवी दुर्लक्षित राहणारा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. स्वयंपाकी लवकर सुटावा म्हणून रात्रीचे जेवण साडेसहालाच उरकले जाते आणि सकाळचा नाश्ता साडेआठला येतो; मध्ये चौदा तासांचे अंतर पडते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची साखर पहाटे धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. झोपण्यापूर्वी दूध किंवा हलके खाणे मिळते का आणि न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जाते का, हे विचारताना स्वयंपाकघर आणि फ्रीज दोन्ही पाहून घ्यावेत.

पाहायला कधी जावे

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी, दुसरी मात्र न सांगता, शक्यतो संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी. न सांगता आलेल्या नातेवाइकांना आत सोडत नाहीत, हे ज्या संस्थेचे धोरण आहे ती इतर सर्व बाबतींत उत्तम असली तरी माझ्या यादीतून बाद होते. रहिवाशांच्या विश्रांतीसाठी भेटीच्या वेळा ठरवणे रास्त आहे. परंतु त्या वेळांतही आधी फोन करण्याची सक्ती असेल, तर ती विश्रांतीसाठी खचितच नसते. आत शिरल्यावर लघवीचा वास येणे वाईट, पण फिनाइलचा उग्र दर्प येणेही तितकेसे चांगले नाही. रहिवाशांची नखे, चष्म्याच्या काचा, कवळी आणि श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी. कोणाचे बारकाईने लक्ष आहे की नाही, हे तेथे दिसते. बागेपेक्षा ही पाहणी अधिक उपयोगाची आहे, कारण बाग पाहुण्यांना दिसते आणि चालू न शकणारा रहिवासी तेथे क्वचितच नेला जातो.

इमारतीबाबत थोडक्यात सांगायचे तर सोबत मोजपट्टी न्यावी. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची रुंदी किमान 900 मिलिमीटर, घसरण न होणारी फरशी, उतार आणि आधाराच्या दांड्या यांचा समावेश आहे. ही तत्त्वे वृद्धाश्रमांना लागू नसली, तरी मोजमापासाठी चांगली आहेत. वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरणेच्या रो हाऊसमध्ये पहिल्या मजल्यावर खोली दिली जात असेल, तर जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतो का, हे डोळ्यांनी पाहावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. त्याची ताजी प्रत मागता येते. पावसाळ्यात वीज गेल्यावर दिवे लावणारा इन्व्हर्टर पुरत नाही, कारण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेची गादी या दोन्ही विजेवर चालतात.

अंतराचे वजन

येऊरच्या पायथ्याशी, पनवेलच्या पलीकडे किंवा कर्जतच्या बाजूला स्वस्त, मोकळी आणि हिरवीगार ठिकाणे मिळतात आणि ती पाहून मन भुलते. तरीही, फारसा देखणा नसलेला परंतु रिक्षाने जाता येण्याजोगा वृद्धाश्रम मी दूरच्या सुंदर वृद्धाश्रमापेक्षा वरचढ मानतो. ज्यांचे नातेवाईक वरचेवर आणि अवेळी येतात त्या रहिवाशांकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष अधिक राहते, हा मनुष्यस्वभाव आहे. दूरच्या ठिकाणी सुरुवातीला दर रविवारी जाणे होते, पुढे महिन्यातून एकदा, आणि नंतर केवळ व्हिडिओ कॉल. रुग्णालयाचे अंतरही असेच तपासावे. घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवली किंवा ओवळ्याहून ठाणे शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास दुपारी दोनला वेगळा असतो आणि अवजड वाहनांच्या रांगेत संध्याकाळी सातला निराळा. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला तो रस्ता सातलाही कापावा लागतो, म्हणून एक फेरी त्या वेळी स्वतः करून पाहावी.

पैसे आणि करारनामा

दरमहा शुल्कात काय येत नाही, याची लेखी यादी घ्यावी. डायपर, औषधे, केस कापणे, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत थांबणारा माणूस आणि तेथे दाखल असताना रिकाम्या पलंगाचे भाडे, या रकमा एकत्र केल्यावर स्वस्त वाटलेले ठिकाण पुष्कळदा महाग ठरते. आयकर कायद्याखाली नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात 60 वर्षांवरील रहिवाशाकडून राहणे, जेवण आणि देखभाल धरून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर जीएसटी माफ आहे. बिलात तो लावला असेल तर कारण विचारावे. मेडिक्लेम पॉलिसीतून केवळ सांभाळाचा खर्च मिळत नाही. 70 वर्षांवरील नागरिकांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत मिळणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षणही योजनेत समाविष्ट रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते.

करारनाम्यात दोन कलमे सर्वांत आधी वाचावीत. अनामत रक्कम कोणत्या परिस्थितीत, किती कापून आणि किती दिवसांत परत मिळते, हे पहिले. दुसरे अधिक महत्त्वाचे: रहिवासी पुढे अंथरुणाला खिळला, नाकातून नळीने अन्न द्यावे लागले किंवा लघवीसाठी कॅथेटर (नळी) लावावा लागला, तर संस्था त्याला ठेवून घेते का? हिंडत्याफिरत्या माणसांसाठी उत्कृष्ट असलेली कित्येक ठिकाणे नेमक्या त्याच वेळी ‘आता तुम्ही न्या’ असे सांगतात, आणि सर्वांत बिकट दिवसांत कुटुंबाला पुन्हा शोधाशोध करावी लागते.

प्रत्यक्ष तोलताना

आता घरातला तो कागद पुन्हा समोर घ्यावा. आढळलेल्या प्रत्येक उणिवेपुढे एकच प्रश्न लिहावा: ही उणीव आपण बाहेरून भरून काढू शकतो का? वर्तमानपत्र येत नसेल तर ते लावता येते, जेवण सपक असेल तर शनिवारी डबा नेता येतो, फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे बोलावता येतो. रात्री परिचारिका नसणे, औषधांच्या खोट्या नोंदी, न सांगता येण्यास मनाई, या गोष्टी कोणत्याही डब्याने भरून निघत नाहीत. म्हणून उणिवांची संख्या मोजण्याऐवजी भरून न येणाऱ्या उणिवा वेगळ्या काढाव्यात, आणि त्यांतील एखादी जरी कागदावरच्या गरजेशी थेट भिडत असेल, तरी पुढे जाऊ नये. रात्री चार वेळा उठणाऱ्या वडिलांसाठी रात्रपाळीचा दोष निर्णायक असतो. रात्रभर स्वस्थ झोपणाऱ्या आणि गप्पांची आवड असलेल्या आईसाठी आजूबाजूला बोलणारी माणसे नसणे हा मोठा दोष ठरू शकतो.

या सगळ्यात ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांचे मत शेवटी विचारण्याची आपली पद्धत आहे, ती बदलावी. शक्य असल्यास शेवटी यादीत उरलेल्या ठिकाणी त्यांना एक-एक दुपार घालवू द्यावी आणि घरी आल्यावर ‘आवडले का’ असे न विचारता तेथे कोणाशी बोललात, काय जेवलात, असे विचारावे. केवळ सोबतीचीच गरज असेल, तर नवी मुंबईत ज्येष्ठांना दिवसा एकत्र वेळ घालवता येतो अशा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रासारखा पर्याय घरी राहूनही उपलब्ध असतो.

पूर्ण अनामत भरण्यापूर्वी महिनाभराच्या तात्पुरत्या मुक्कामाची मागणी करावी; अनेक केअर सेंटर ती मान्य करतात. दाखल करताना वजन, रक्तदाब आणि त्वचेवरील जखमा यांची लेखी नोंद दोघांच्या सह्यांनिशी करून घ्यावी आणि महिन्याअखेर तीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. वजन लक्षणीय उतरले असेल किंवा नवी जखम दिसली, तर आधी व्यवस्थापकांशी लेखी पत्रव्यवहार करावा. दाद न मिळाल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. दुसरीकडे हलवण्याची वेळ आलीच, तर निघण्याच्या दिवशी औषधांचा तक्ता, तपासण्यांचे अहवाल आणि आधार कार्डासारखी मूळ कागदपत्रे मोजून ताब्यात घ्यावीत, कारण ती नंतर मागायला गेल्यास बराच काळ खेटे घालावे लागतात.