लहान भावंडांना मारहाणीच्या घरातून बाहेर काढताय? या चुका टाळा

मी तेवीस वर्षांची होते, चाकणला कंपनीत होते, आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं तुझ्या बापानं पोराला वायरनं हाणलंय, पाठ बघवंना, येऊन बघ". रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, सकाळी बाप झोपेत होता तोवर दोघांची दप्तरं भरली आणि लेकरं घेऊन आले. आई वारल्यावर त्या दोघांना मीच सांभाळलेलं, त्यामुळं माझा हक्कच आहे असं डोक्यात पक्कं होतं. तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनातून फोन, की वडिलांनी लेकरं पळवल्याची तक्रार दिलीय, घेऊन या.

ही पहिली चूक, आणि जवळपास सगळेच मोठे भाऊबहीण हीच करतात. बाप कितीही मारकुटा असला तरी कायद्याच्या कागदावर पालक तोच असतो, आणि पालकाच्या संमतीशिवाय अठराच्या आतलं लेकरू नेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा लागू शकतो. मग करायचं काय, मार खाऊ द्यायचा का? अजिबात नाही. आत्ता या घडीला जीवाला धोका असेल तर ११२ ला (पोलीस) नाहीतर १०९८ ला (लेकरांची हेल्पलाइन) फोन करा, दोन्ही फुकट आहेत आणि रात्रीसुद्धा लागतात. तुम्ही घरात गेलात आणि लेकराला बाहेर काढावंच लागलं, तर थेट आपल्या खोलीवर नेऊ नका, आधी बाल कल्याण समितीसमोर उभं करा, म्हणजे अशा लेकरांचं बघणारी जिल्ह्याची सरकारी समिती. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये मुदत दिलीय, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तास. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोर नेलं तरी चालतं. यासाठी आधी एफआयआर झालेला पाहिजे असं काही नाही, आणि पोलिसच लागतात असंही नाही, कोणताही जागरूक नागरिक लेकराला घेऊन जाऊ शकतो, लेकरू स्वतःही जाऊ शकतं. माझ्यासारखं आधीच आणून बसला असाल तर आज, आत्ता, तुम्ही जिथं आहात त्या जिल्ह्याच्या समितीकडं जा. लपून बसलेला प्रत्येक दिवस तुमच्याच विरोधात मोजला जातो.

दुसरी चूक म्हणजे भावकीची बैठक. आमच्याकडं आधी हेच होतं, पारावर सरपंच, चुलते, मामा, सगळे बसतात, बाप रडतो, "चुकलं माझं, आता हात लावणार न्हाई" म्हणतो, बाँडवर लिहून देतो, अंगठा, सह्या, नोटरी, चहा. त्या बाँडनं लेकरांचा ताबा तुमच्याकडं येत नाही. पुढच्या महिन्यात बाप म्हणाला की दे माझी लेकरं, तर तो कागद दाखवून तुम्ही अडवू शकत नाही. एवढं मात्र आहे, की मारल्याचं त्यानं स्वतः कबूल केलंय असं त्यात लिहिलेलं असेल तर तो कागद फाडू नका, समितीपुढं उपयोगाला येतो. बैठकीत महिने घालवू नका, कारण त्या महिन्यांत मार लेकरंच खातात.

आता पुरावा, यात लई घोळ होतो. भावाच्या पाठीचे फोटो मी रागाच्या भरात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते, लोकांना कळू दे म्हणून. तसं कधीच करू नका. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते बाजूला ठेवलं तरी त्या लेकराला उद्या त्याच शाळेत बसायचं असतं. फोटो काढा, तारखेसकट जपून ठेवा, समितीला आणि पोलिसांना द्या, बास. वळ ताजे असतील तर खाजगी डॉक्टरकडं मलम लावून परत येऊ नका, सरकारी दवाखान्यात जा, म्हणजे जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, संभाजीनगरात असाल तर घाटी, आणि तिथं एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीच्या जखमांची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करा म्हणून स्पष्ट सांगा. चार दिवसांनी वळ जातात, एमएलसीचा कागद राहतो. शाळेत गुरुजींना किंवा बाईंना भेटा, लेकरू कधीपासून गैरहजर आहे, अंगावर खुणा घेऊन कधी आलं, हे त्यांना माहीत असतं आणि त्यांचं म्हणणं आपल्या म्हणण्यापेक्षा जास्त धरलं जातं, कारण ते भावकीतले नसतात.

आणि लेकराला पढवू नका. "साहेबांनी विचारलं की असं सांग" हे वाक्य तोंडातून काढूच नका. अकरा वर्षांचं पोर पाठ केलेलं बोलायला लागलं की समोरच्याला दोन मिनिटात कळतं आणि मग जे खरं घडलं त्यावरसुद्धा शंका येते. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी सारखं खोदून विचारत बसू नका, पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, पोलिसांनी युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं. हे आधी माहीत असेल तर तिथं ठामपणे मागता येतं.

पुढची गडबड समिती आणि कोर्ट यात होते. मी चार महिने वकिलामागं फिरले आणि समितीचं नावच कुणी सांगितलं नाही. समिती म्हणजे लेकराचं तात्काळ संरक्षण, ती चौकशी करून लेकरू तुमच्याकडं ठेवायचा आदेश देऊ शकते, चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची असते, आणि आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. कायद्यानं पालक म्हणून नेमणूक मात्र कोर्ट करतं, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, आणि अर्ज लेकरू जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा, संभाजीनगरला फॅमिली कोर्ट आहे, जिथं ते नाही तिथं जिल्हा न्यायालयात. बाप जिवंत असेल तर तो पालक म्हणून लायक नाही हे कोर्टाला दाखवावं लागतं, म्हणून वरची सगळी कागदं आधी लागतात. अंतरिम ताबा, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा ताबा, मागायला विसरू नका. तुमचं स्वतःचं वय अठरा पूर्ण पाहिजे, सतरा वर्षांच्या दादाला पालक करत नाहीत, त्यानं मामाला किंवा आत्याला अर्जदार करावं.

या अर्जात एक ओळ अशी आहे जिच्यावर आमच्याकडं निम्मी भांडणं होतात. आईच्या नावावर दोन एकर असेल तर पहिला आरोप हाच येतो, "जमिनीसाठी लेकरं ओढली". अर्ज करताना फक्त मुलांच्या देखभालीपुरतं पालकत्व मागता येतं, मालमत्तेचं वेगळं असतं. जमीन तुम्हाला नको असेल तर तसं साफ लिहा, चुलत्यांचं तोंड अर्ध्यात बंद होतं. मालमत्तेचे पालक झालात तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, हेही त्यांना ऐकवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

ऊसतोडीच्या घरातल्यांनी अजून एक बघावं. मुकादमाची उचल (तोडीच्या कामाचे आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास बाप लेकरांना घेऊन कारखान्याकडं जातो, आणि मग तुम्ही बीडच्या समितीकडं अर्ज देऊन बसता, लेकरू मात्र सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात फडावर. लेकरू जिथं आहे त्या जिल्ह्याची समिती हलवावी लागते, १०९८ ला फोन करताना कारखान्याचं नाव, गाव, मुकादमाचं नाव सांगा, नंतर प्रकरण आपल्या जिल्ह्याकडं वर्ग करून घेता येतं. आणि बहीण चौदा-पंधराची असेल तर कोयता उचलायच्या, म्हणजे तोडीला निघायच्या आधी तिचं लग्न उरकायचं घाटतंय का याकडं कान ठेवा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, त्याला लेखी द्या, पोच घ्या, आणि तो हललाच नाही तर १०९८ आहेच. २००६ च्या कायद्यानं कोर्टाकडून असं लग्न थांबवायचा मनाई हुकूमही मिळतो.

माझी सगळ्यात मोठी चूक कागदाची नव्हती. समितीच्या ऑफिसबाहेर मी दोघांना सांगितलं, "संध्याकाळी आपण आपल्या घरी". समितीनं चौकशी होईपर्यंत त्यांना बालगृहात ठेवलं, आणि छोटी माझ्या ओढणीला धरून जे रडली ते अजून कानात आहे. बालगृह म्हणजे शिक्षा नाही हे मला आज कळतं, पण तिला मी तयारच केलं नव्हतं. जे आपल्या हातात नाही ते लेकराला कबूल करू नका. "काही दिवस तिथं राहावं लागंल, मी भेटायला येईन, मारणार कुणी नाही" एवढं खरं सांगा, आणि ठरल्या दिवशी खरंच जा.

या काळात तुमच्या घरी चौकशीला लोक येतात. एकच खोली आहे, पत्रे आहेत, म्हणून लाजू नका, दुसऱ्याचा फ्लॅट आपला म्हणून दाखवणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका, ते उघडं पडतं. त्यांना बघायचं असतं की दिवसा लेकरांजवळ कोण, शाळा किती लांब, पगार किती, घरात दारू पिणारं कुणी आहे का, तुमचं लग्न ठरलं तर पुढं काय. सेकंड शिफ्टला लेकरं कुठं राहणार याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, मग शेजारच्या मावशींनी लिहून दिलं, आणि तेवढ्यानं काम झालं.

लेकरं आल्यावर शाळेच्या दाखल्यासाठी बापाच्या हातापाया पडू नका. आठवीपर्यंत टीसी उशिरा आली म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ दाखवा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, मंजूर झाला तर महिन्याला प्रत्येक लेकरामागं २,२५० रुपये मिळतात, त्यात वह्या-पुस्तकं आणि थोडाफार किराणा निघतो. बापाला भेटीचा दिवस ठरवून दिला असेल तर तो चुकवू नका, राग असला तरी, आणि तो आला की नाही, पिऊन आला का, हे तारखेसह वहीत लिहीत जा. आमच्या वहीत सहा महिन्यांत तो दोनदा आला, आणि पुढच्या तारखेला मी तीच वही पुढं केली.