वाशी शोधायला गेलं की रहिवाशी सापडतो

मी कळव्याची, नोकरी महापेला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या, म्हणजे आम्हा ट्रान्स-हार्बरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गाडी लेट, रिक्षात राहिलेला डबा, कोपरखैरण्याला तुंबलेलं पाणी, सगळं तिथेच. कुठल्या स्टेशनाचं नाव किती वेळा येतं ते मोजावंसं वाटलं, म्हणून चॅटची टेक्स्ट फाइल उतरवली आणि सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ४० शब्दांसाठी ४० वेळा स्ट्रस्ट्र (मजकुरात एक शब्द शोधणारं तयार फंक्शन) फिरवलं. उत्तर आलं, पण शब्द वाढला की आख्ख्या फाइलची एक फेरी वाढते.

एकाच फेरीत सगळे शब्द पकडायची रीत आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली छापली. सगळे शब्द एका झाडात घालायचे, दर बाइटला एक पेर, सुरुवात सारखी असेल तिथवर फांदी एकच, आणि प्रत्येक पेरावर ‘इथे अडलास तर तिकडे उडी मार’ अशी खूण करून ठेवायची. समजा शब्द आहेत ‘पोलीस ठाणे’ आणि ‘ठाण्या’, आणि मजकुरात आलं ‘पोलीस ठाण्यात’. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांच्या आकड्यांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एकारमात्रेचे बाइट २२४, १६५, १३५ आणि हलन्ताचे २२४, १६५, १४१. म्हणजे पहिली फांदी ‘पोलीस ठाण’च्या पुढे आणखी दोन बाइट बिनबोभाट जाते आणि तिसऱ्याला अडते. तिथून उडी थेट ‘ठाण्या’च्या फांदीवर, तिथेही ‘ठाण’च्या पुढे दोन बाइटांवर. मागचं काही पुन्हा वाचावं लागत नाही.

हीच रीत मी सीमध्ये लायब्ररी म्हणून लिहिली, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येईल असा कोड. अशा लायब्ररीला पाच फंक्शनं पुरतात. माझी आहेत ‘बनव’, ‘घाल’, ‘जोड’, ‘शोध’ आणि ‘मोड’. ‘घाल’ला शब्दाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), लांबी आणि तुमचा एक नंबर द्या. लांबी बाइटमध्ये, ‘ठाणे’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण आहेत १२ बाइट. सगळे शब्द घालून झाले की ‘जोड’ उड्यांच्या खुणा करतं. त्यानंतर कोणी ‘घाल’ बोलावलं तर एरर परत द्याच. मी दिला नव्हता. उशिरा घातलेला ‘घणसोली’ गुपचूप झाडात बसला, सापडला मात्र कधीच नाही, आणि माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

‘शोध’ला मजकुराचा तुकडा, त्याची लांबी, कॉलबॅक (शब्द सापडला की लायब्ररी बोलावते ते तुमचं फंक्शन) आणि एक व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कॉलबॅककडे पोचवायच्या तुमच्या कशाचाही पत्ता. कॉलबॅकला शब्दाचा नंबर, त्याची लांबी आणि तो कुठे संपला ते मिळतं; सुरुवात लांबी वजा करून काढा. फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचत असाल तर ‘ऐरोली’ नेमकी दोन तुकड्यांच्या मध्ये चिरली जाऊ शकते. म्हणून झाडात आपण कुठे उभे आहोत ते पुढच्या तुकड्यापर्यंत जपायचं, पण झाडाच्या स्ट्रक्चरमध्ये नाही, वेगळ्या छोट्या स्ट्रक्चरमध्ये. मग एकच झाड चार थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी चार कामं, वापरू शकतात.

एक खड्डा सगळ्यांना लागतो. देवनागरी अक्षराचा पहिला बाइट २२४. इंटेलच्या मशीनवर साधा कॅर (सीमधला एका बाइटचा प्रकार) साइन्ड असतो, म्हणजे उणे आकडेही धरतो. तिथे २२४चे होतात उणे ३२, आणि पेराच्या ॲरेत त्या आकड्याची जागा बघायला गेलात की तुम्ही ॲरेच्या आधीच्या मेमरीत हात घालता. माझा कोड घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर छान चालायचा, कारण तिथे कॅर अनसाइन्ड, लॅपटॉपवर कोसळायचा. ॲरेत बघण्याआधी बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये (० ते २५५ धरणारा प्रकार) बदलून घ्या. मेमरीची काळजी नको: दर पेराला २५६ पॉइंटर ठेवले तरी ६०० पेरांना साधारण सव्वा एमबी.

खरी कटकट मराठीची. ‘वाशी’ शोधलं तर प्रत्येक ‘रहिवाशी’ मोजला गेला. इंग्रजीसारखी दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द तपासली तर ‘वाशीला’, ‘वाशीत’, ‘वाशीच्या’ सगळे गळतात. तेव्हा डावी बाजू कडक, उजवी मोकळी: सुरुवातीच्या आधी देवनागरी अक्षर असेल तर सोडा, नंतर काही का असेना. सामान्यरूप बदलणाऱ्या नावांना दोन नोंदी लागतात, ‘ठाणे’ आणि ‘ठाण्या’, दोन्हींना एकच नंबर. ‘नेरूळ’ आणि ‘नेरुळ’ तसंच.

उजवी मोकळी ठेवली की ‘दिवा’मध्ये ‘दिवाळी’ शिरते. त्यासाठी ‘दिवाळी’लाही शब्द म्हणून घाला, नंबर शून्य, म्हणजे फेका. पण ‘दिवा’ आधी संपतो, त्याचा कॉलबॅक आधी येतो. म्हणून सापडल्या सापडल्या मोजू नका; धरून ठेवा, आणि त्याला पोटात घेणारा लांब शब्द आला तर सोडून द्या. ‘पोलीस ठाणे’ही मी शून्यावर टाकलं. ते आणि ‘ठाणे’ एकाच बाइटवर संपतात, तेव्हा त्या पेरावर दोन्ही कळवायला हवेत, लांब आधी. पुष्कळ जण इथे एकच कळवून मोकळे होतात.

माझ्या गावाने मात्र हात टेकायला लावले. ‘आम्हाला कळवा’, ‘लगेच कळवा’ हे मी शून्यावर टाकले. झाडाला स्पेसही एक बाइटच. तरी परवा कोणीतरी लिहिलं, ‘कळवा सुटलं की कळवा.’ लायब्ररीने दोन मोजले. तो एक मी हातानेच वजा करते.